पोर्तुगीज वाचन 'व्ही'पासून का शिकवतात? लेकीच्या शाळेतलं दीडशे वर्षांपूर्वीचं पुस्तक

लिस्बनकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून लिस्बनला आलो. लेक आता पाच पूर्ण झाली आणि शाळेत तिचं वाचन सुरू झालंय. शाळा जुआंव द देउश पद्धतीची आहे, म्हणजे 'कार्तिल्या मातेर्नाल' नावाच्या पुस्तकावरून शिकवतात. वर्गात लाकडी स्टँडवर एक भलंमोठं पुस्तक उभं करून ठेवलेलं असतं, एका वेळी तीन-चारच मुलं त्याच्यासमोर जातात आणि बाई पट्टीने एकेक शब्द दाखवतात. पालकांना एक दिवस बघायला बोलावलं होतं तेव्हा मी पाहिलं.

तर गोंधळ असा की आधी स्वर झाले, ते ठीक, आपल्याकडेपण अ आ इ ई आधीच. पण मग ए बी सी डी सगळं सोडून एकदम व्ही! मी घरी कौतुकाने म्हटलं "हां, हा व्हे" (इथे व्ही ला व्हे म्हणतात) तर ती माझ्यावरच चिडली, आई त्याचं नाव नाही सांगायचं, तो काय म्हणतो ते सांगायचं, आणि वरचे दात खालच्या ओठावर टेकवून व्व्व्व् असं लांबलचक करून दाखवलं. मला तसं जमेना कारण आपला व असा ताणता येत नाही, तर हसून लोळली.

दुसरं म्हणजे त्या पुस्तकात एकाच शब्दातली काही अक्षरं काळी आणि काही करडी छापलीयत. आधी वाटलं छपाई फिकी आलीय, मग कळलं मुद्दाम आहे.

पुस्तक मूळचं १८७६ चं आहे म्हणतात. एवढं जुनं अजून का चालतं? व्ही पासूनच का? आणि मी घरी रोज संध्याकाळी तिच्याकडून बाराखडी गिरवून घेते, त्याने तिचा घोळ तर होणार नाही ना? कोणाला या पोर्तुगीज अंकलिप्यांचा इतिहास माहीत असेल तर सविस्तर लिहा प्लीज, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

शब्दवेडी

ताई, तुम्ही माझ्या अगदी आवडीच्या विषयाला हात घातलात. मी पणजीत पोर्तुगीज शिकले आणि आता शिकवते, मोठ्यांना, पण व्ही चं कारण समजल्यापासून माझीही शिकवायची पद्धत बदलली.

कारण साधं आहे. पोर्तुगीजमधली बरीच अक्षरं बेभरवशाची आहेत. एक्स घ्या. शारोप (सिरप) मध्ये तो श, एझामे (परीक्षा) मध्ये झ, प्रोसिमु (पुढचा) मध्ये स, आणि ताक्सीमध्ये क्स. सी कधी क कधी स, जी कधी ग कधी झ्य, एस चे तर विचारू नका. एम आणि एन शब्दाच्या शेवटी आले की स्वतः गायब होतात आणि आधीच्या स्वराला नाकात ढकलतात. आता पाच वर्षांच्या पोराला ए बी सी च्या क्रमाने शिकवलं तर तिसऱ्याच अक्षराला तुम्ही त्याला सांगणार की हे कधी असं कधी तसं. जुआंव द देउशनी काय केलं, अक्षरं भरवशाच्या क्रमाने लावली. व्ही कुठेही आला तरी व्हच, आणि वर तो ताणता येतो. तुमच्या लेकीने व्व्व्व् केलं ना, ते महत्त्वाचं, कारण ताणता आला की तो पुढच्या स्वराला आपोआप जाऊन चिकटतो, व्व्व्व्-आ. ब तसा ताणता येत नाही, ब म्हणताना त्याच्या पोटात एक स्वर येतोच. म्हणून व्ही, मग एफ, जे, मग टी डी बी पी, आणि सी जी एस एक्स बरेच नंतर, एम एन तर पार शेवटाकडे.

आणि फक्त स्वर अधिक एक व्ही एवढ्यावर किती शब्द होतात बघा. उव्हा म्हणजे द्राक्ष, ओव्हु म्हणजे अंडं, आव्ह म्हणजे पक्षी, व्हाय म्हणजे जातो, व्हिउ म्हणजे पाहिलं. दुसऱ्याच धड्याला पोर खरे, अर्थाचे शब्द वाचतं. त्यांचा आग्रहच तो होता की अर्थ नसलेलं काही वाचायला द्यायचं नाही. त्याआधी काय चालायचं तर बे-आ-बा, बे-ए-बे, बे-ई-बी, महिनोन्महिने. आपण जसं ओनामा किंवा श्रीगणेशा म्हणतो ना कुठल्याही गोष्टीच्या सुरुवातीला, तसं पोर्तुगीजमध्ये अजूनही बेआबा म्हणतात, इतकं ते हाडात मुरलंय.

काळ्या-करड्याचं कारणही यातच आहे. शब्दाचे तुकडे पाडायचे तर मधे रेघ किंवा जागा सोडावी लागते आणि मग तो शब्द दिसायला शब्द राहत नाही. त्यांनी शब्द अखंड ठेवला आणि एक अवयव, म्हणजे उच्चाराचा एक तुकडा, काळा आणि पुढचा करडा असा छापला. डोळ्याला तुकडेही दिसतात आणि शब्दही दिसतो. १८७६ साली ही टायपोग्राफी! मला दर वेळी ते पान बघितलं की भरून येतं.

हे गृहस्थ पेशाने मास्तर नव्हते बरं का. कवी होते, त्या काळातले फार लाडके, जन्म १८३० चा, दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह भागातला. पुस्तकाच्या नावात 'मातेर्नाल' आहे कारण ते त्यांनी आयांना उद्देशून लिहिलं, की बोलायला जशी आई शिकवते तसं वाचायलाही तिनेच शिकवावं. म्हणजे ताई, तुम्ही घरी बसून अक्षर काढताय ते पुस्तकाच्या मनासारखंच आहे. १८८८ मध्ये पोर्तुगालच्या संसदेने त्यांची पद्धत राष्ट्रीय म्हणून मान्य केली. १९११ मध्ये कोइंब्राला त्यांच्या मुलाच्या पुढाकाराने पहिली बालशाळा निघाली, तुमची शाळा त्याच वंशातली.

बाराखडी जरूर चालू ठेवा, घोळ होणार नाही. फक्त एक करा, रोमन अक्षरांना घरीही नावाने हाक मारू नका, आवाजानेच. देवनागरीत ही अडचण नसते कारण आपलं अक्षराचं नाव आणि आवाज एकच. अगदी शंभर टक्के नाही म्हणा, चहातला च आणि चमच्यातला च, जन्मातला ज आणि जागेतला ज, दोन आवाज आणि अक्षर एकच, पण ते आपल्याला घरात बोलून माहीत असतं म्हणून कुणी अडत नाही.

---

साखळीकर

शब्दवेडीताईंनी छान लिहिलंय. मी थोडं मागचं सांगतो, गोव्याच्या बाजूने.

कार्तिल्या, जुन्या पोर्तुगीजमध्ये कार्तिन्या, म्हणजे शब्दशः छोटा कागद. सगळ्यात गाजलेली जुनी छापील कार्तिन्या जुआंव द बारुश यांची, १५३९, लिस्बन. इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव माहीत असेल, आशियातल्या पोर्तुगीजांचा इतिहास 'देकादश' लिहिणारे तेच. काझा दा इंदिया, म्हणजे भारताशी चालणाऱ्या व्यापाराचं जे सरकारी खातं होतं त्याचे हे मुख्य अधिकारी, आणि स्वतः भारतात कधी आले नाहीत. त्यांच्या कार्तिन्येत प्रत्येक अक्षरापुढे एक चित्र आहे, ए ला आर्व्होर म्हणजे झाड असं. आपल्या 'अ अननसाचा' ची पणजी समजा. (अननस हा शब्दही पोर्तुगीजांनीच आणलेला.) पुढे अवयवांचे तक्ते आणि त्यानंतर थेट प्रार्थना आणि दहा आज्ञा. म्हणजे वाचायला शिकणं आणि ख्रिस्ती धर्म शिकणं ही एकाच पुस्तकाची दोन टोकं. तेव्हा कुणाला ते वेगळं वाटतच नव्हतं, आपल्याकडेही धुळपाटीवर पहिलं काय काढायचे तर ॐ नमः सिद्धम्.

१५५४ मध्ये लिस्बनला एक तमिळ-पोर्तुगीज कार्तिल्या छापली गेली, तमिळ मजकूर रोमन अक्षरांत. भारतीय भाषेतलं इतकं जुनं छापील पुस्तक दुसरं सापडणं कठीण. आणि दोनच वर्षांनी, १५५६ ला, गोव्यात छापखाना उतरला. तो खरा ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, चालला होता, वाटेत गोव्यात राहिला. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यांनी हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. तीन वर्षांत! भाषा काय अंगरखा आहे का बदलायला.

आता घरचं सांगतो. माझे आजोबा साखळीचे, पहाटे देवळाच्या मंडपात पंतोजींकडे मराठी, मोडी, पावकी-निमकी, आणि नंतर एश्कोलात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, पोर्तुगीज. त्यांनी 'सेगुंद ग्राव', म्हणजे तिथल्या दुसऱ्या श्रेणीपर्यंत केलं होतं, त्या काळी तेवढ्यावर कारकुनी मिळायची. म्हातारपणी सगळं विसरले पण बे-आ-बा ची चाल विसरले नाहीत, आंघोळीचं पाणी अंगावर घेताना एका सुरात म्हणायचे, आणि मधेच डावा हात मागे न्यायचे. मी लहानपणी विचारलं हात का लपवता, तर म्हणाले पालमातोर. लाकडाची गोल चपटी पळी असायची, तिला भोकं पाडलेली, अडखळलं की तळहातावर बसायची आणि भोकांच्या जागी कातडी वर ओढली जाऊन फोड यायचे. त्यांचे शब्द सांगतो, "अक्षर म्हाका दोळ्यांनी न्हय, हातान याद आसा."

ते जे वाचायचे त्यातलं निम्मं त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. बर्फ, धुराडं, चेस्टनटची झाडं. घरात कोंकणी, देवळात मराठी, आणि पुस्तकात लिस्बनचा हिवाळा.

---

शब्दवेडी

साखळीकर काका, आजोबांचं वाचून गलबललं.

पालमातोरावरून आठवलं, तिच्याविरुद्ध सगळ्यात जोरात बोलणारा माणूस म्हणजे आंतोनियु फेलिसियानु द काश्तिल्यु. हाही कवीच, आणि आंधळा. सहाव्या वर्षी गोवर येऊन दृष्टी गेली. ज्याला स्वतःला पान दिसत नव्हतं त्याने १८५० मध्ये वाचन शिकवायची पद्धत काढली, 'लैतुरा रेपेंतिना', म्हणजे झटपट वाचन. तेव्हा तो अझोरेस बेटांवर राहत होता. त्याच्या वर्गात मुलं टाळ्या वाजवत, चालत, गात शिकायची. आणि आधी पुस्तक नाहीच. आधी कान. शब्द ऐकायचा, त्याचे आवाज सुटे करायचे, परत जोडायचे, हे सगळं तोंडी, आणि ते पक्कं झाल्यावरच अक्षर दाखवायचं. आज बालशिक्षणात आवाजांची जाण म्हणून जे एवढं सांगतात ते या माणसाला आंधळेपणामुळे पहिल्यांदा सुचलं असणार असं मला नेहमी वाटतं, कारण त्याच्यासाठी शब्द हा आवाजच होता. मास्तर लोकांनी फार विरोध केला. वर्गात दंगा होतो, गाणी कसली म्हणता, वगैरे. १८५५ मध्ये तो ब्राझीललाही जाऊन पद्धत दाखवून आला.

पद्धत टिकली नाही. पण काका, तुमच्या आजोबांना तो मास्तर मिळायला हवा होता.

---

साओपावलोकर

ब्राझीलचा विषय निघालाय तर मी लिहितो, इथे अकरा वर्षं आहे, बायको इथलीच.

जुआंव द देउशची पद्धत १८८० च्या आसपास इथे आली, साओ पावलोत सिल्व्हा जार्दिंनी तिचा प्रचार केला. पण इथल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला विचारा वाचायला कशावर शिकलात, तर जुआंव द देउश कुणी म्हणणार नाही, म्हणतील 'कामिन्यु सुआव्ह', म्हणजे सोपी वाट. ब्रांका आल्व्हेस द लिमा नावाच्या शिक्षिकेने १९४८ मध्ये काढलं. त्यात अक्षर चित्राच्या पोटात दडवलेलं असतं, ए हा आबेल्या म्हणजे मधमाशीच्या अंगात, जी मांजराच्या (गातु) अंगात. चार कोटींच्या आसपास प्रती खपल्या म्हणतात. माझ्या सासूबाई शाळेत शिकवायच्या, त्यांच्या कपाटात अजून एक प्रत आहे, कडा फाटलेली, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. मी पोर्तुगीज त्याच्यावरच शिकलो, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून. त्या भांडी विसळता विसळता म्हणायच्या "पुढे", आणि चुकलं की नळ बंद करायच्या. बाकी काही बोलायच्या नाहीत, नळ बंद झाला की मी परत वरून सुरू करायचो.

आणि शब्दवेडीताईंनी उव्हा म्हटलं म्हणून. आपलं कसं 'कमल नमन कर', तसं इथलं प्रसिद्ध वाक्य म्हणजे 'एव्हा व्हिउ आ उव्हा', एव्हाने द्राक्ष पाहिलं. वेगवेगळ्या कार्तिल्यांमधून फिरत फिरत म्हणीसारखं झालंय. कधी एव्हाच्या जागी ईव्हु. बघा, त्यातही व्यंजन एकच, व्ही!

अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ईशान्य ब्राझीलमध्ये कार्तिल्या यायच्या आधी 'कार्ता द आबेसे' असायचं, छोटंसं चोपडं, शेवटी उपदेशाची वाक्यं. तिथले मोठे कादंबरीकार ग्रासिलियानु रामुस, जन्म १८९२, त्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहिलंय की त्यांना त्यातली तीन वाक्यं तोंडपाठ करायला लावली. एक होतं, आळस ही दारिद्र्याची चावी. मूळ शब्द 'शाव्ह', आपली चावी त्यातूनच आली, त्यामुळे मला ते वाचताना घरचंच वाटलं. पण दुसरं असं की कमी बोल आणि नीट बोल, म्हणजे लोक तुला कोणीतरी मानतील. त्यातलं 'मानतील तुला' हे जुन्या पुस्तकी पोर्तुगीजमध्ये 'तेर-ते-आंव' असं होतं, क्रियापद मधून कापून आत 'तुला' घालायचं. ब्राझीलमध्ये असं कुणी जन्मात बोलत नाही. तर त्या पोराला वाटलं तेरतेआंव हा कोणी माणूस आहे. थोरल्या बहिणीला जाऊन विचारलं, हा तेरतेआंव कोण? तिलाही माहीत नव्हतं. झालं. वाचता येत होतं, आणि कळत काहीच नव्हतं. मी ते वाचून पुस्तक मिटून बसलो बराच वेळ, कारण मी लहानपणी 'सुखकर्ता दुखहर्ता वार्ता विघ्नाची' म्हणताना वार्ता नावाची बाई समजायचो.

---

लिस्बनकरीण

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. साओपावलोकर दादा, मी वार्ताबाईंना आजच भेटले, आणि आता त्या डोक्यातून जाणार नाहीत.

काल लेकीला विचारलं उव्हा वाचून दाखव. तिने 'उ' म्हटलं, थांबली, दात ओठावर टेकवले, व्व्व्, आणि मग आ. मग एकदम सलग "उव्हा!" आणि चेहऱ्यावर जे आलं ना ते मला सांगता येणार नाही. मी शब्दवेडीताईंचं ऐकून अक्षराचं नाव घेतलं नाही.

पण साखळीकर काकांच्या आजोबांचं वाचल्यापासून एक विचार सतावतोय. तिच्या पुस्तकातले शब्द तिच्या ओळखीचे आहेत कारण ती दिवसभर इथल्या मुलांत खेळते. ज्यांच्या घरी ही भाषाच नाही त्यांनी काय करायचं?

---

निफाडची बाई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, पोर्तुगीज मला ओ की ठो येत नाही, पण पाउलो फ्रेरे मी डीएडला असताना वाचलेत आणि तुमचं ते द्राक्षाचं वाक्य बघून राहवलं नाही. कारण फ्रेरेंचं म्हणणंच असं सांगतात की एव्हाने द्राक्ष पाहिलं हे वाचता येणं पुरेसं नाही, एव्हा कुठे उभी आहे, द्राक्ष पिकवायला राबलं कोण आणि पैसा कुणाला मिळाला हे कळलं पाहिजे. मी निफाडला शिकवते हो. आमच्याकडे हे वाक्य वाचून कुणी नुसतं पुढे जाऊ शकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रेरे ब्राझीलच्या ईशान्येकडचे, रेसिफेचे. १९६३ मध्ये आंजिकुस नावाच्या गावात त्यांनी आणि विद्यार्थ्यांच्या गटाने सुमारे तीनशे शेतमजूर, मोलकरणी वगैरे मोठ्या माणसांना चाळीस तासांत वाचायला शिकवलं. शेवटच्या वर्गाला देशाचे राष्ट्राध्यक्ष गुलार्त स्वतः आले होते. एवढं महत्त्व का, तर तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षर माणसाला मतच देता येत नव्हतं, तो हक्क थेट १९८५ मध्ये मिळाला. म्हणजे चाळीस तासांत वाचायला आलेला माणूस हा नवा मतदार होता. पुढच्याच वर्षी १९६४ ला लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरेंना सत्तर दिवस तुरुंगात ठेवलं, मग देश सोडावा लागला.

पद्धत अशी की पुस्तक घेऊन जायचंच नाही. आधी गावात राहून लोकांचे शब्द गोळा करायचे. मग त्यातला एक शब्द, त्यांचं नेहमीचं उदाहरण म्हणजे तिजोलु, वीट. आधी विटेचं चित्र दाखवून गप्पा, वीट कोण पाडतं, घर कुणाचं होतं. नंतर शब्द. मग त्याचे तीन तुकडे आणि प्रत्येकाची ओळ: ता ते ती तो तू, जा जे जी जो जू, ला ले ली लो लू. आता हे बघून मी ताडकन उठून बसले होते, ही तर आपली बाराखडी! पण फरक हा की माणसाला सांगायचं, यातून तुला हवे ते शब्द बनव. लूता, म्हणजे लढा. लोजा, म्हणजे दुकान. 'तू जा ले' म्हणजे 'तू तर वाचतोस की' असं अख्खं वाक्य त्या तीन ओळींतून निघतं.

माझा अनुभव सांगते. जानेवारी ते मार्च आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला कुटुंबं येतात, त्यांची मुलं दोन-तीन महिने माझ्या वर्गात बसतात. एक मुलगा दुसरीतला, पुस्तकातलं 'कमल' त्याला येईना. एक दिवस शाळेबाहेर ट्रक उभा होता, त्यावर क्रेट रचलेले, आणि हा मला म्हणाला बाई मला 'क्रेट' लिहून दाखवा. मी मनात म्हटलं अरे जोडाक्षर आहे, तुला तर अजून काना-मात्रा यायच्यात. पण दिलं लिहून. तीन दिवसांत त्याला क्रेट, कात्री, छाटणी, विरळणी सगळं यायला लागलं, आणि 'कमल' त्यानंतर आलं. म्हणून मला त्या व्ही वाल्या क्रमाबद्दल शंका आहे. क्रम अक्षराच्या सोयीने लावायचा की मुलाच्या?

---

शब्दवेडी

बाई, तुमचा क्रेट मी माझ्या वर्गात सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते.

दोन गोष्टी मात्र सांगते, जुआंव द देउशची बाजू म्हणून. पहिली, फ्रेरेंनीही नुसते आयुष्यातले शब्द घेतले नाहीत, त्या शब्दांना उच्चाराच्या सोप्या-अवघड क्रमाने लावलं आणि भाषेतले सगळे आवाज त्यात येतील असं बघितलं. म्हणजे तिथेही अक्षराचा विचार होताच.

दुसरी, कार्तिल्या फक्त लाडाकोडातल्या मुलांसाठी राहिली नाही. १९०० च्या सुमारासही पोर्तुगालात चारातली तीन माणसं निरक्षर होती, युरोपात फार कमी देशांची इतकी वाईट स्थिती होती. कासिमिरु फ्रैर नावाच्या व्यापाऱ्याने १८८२ मध्ये फिरत्या शाळांची संस्था काढली, एश्कोलश मोव्हैश, जुआंव द देउश पद्धतीच्या. मास्तर तक्ते घेऊन एका गावात जायचा, काही महिने राहायचा, शिकवून पुढच्या गावाला. मुलंही यायची आणि दिवसभर राबून आलेले मोठेही. म्हणजे उव्हा वाचणाऱ्यांत द्राक्षमळ्यात राबणारी माणसंही होती.

लष्करी हुकूमशाहीत मात्र १९३० ला सक्तीची शाळा तीन वर्षांवर आणली, पुढे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत सगळीकडे सरकारी एकच पुस्तक, देव देश कुटुंब. गरिबाला वाचता यावं पण फार नको, असं सरळ म्हणणारे लोक होते तेव्हा. १९७० च्या जनगणनेतही चौथा हिस्सा माणसं निरक्षर निघाली. याचा मला अजून राग येतो. माझ्या पोर्तुगीज मैत्रिणीची आजी २००५ पर्यंत अंगठा करायची, आणि तिच्या गावापासून कोइंब्राची ती सुंदर बालशाळा तासाभरावर होती.

---

साखळीकर

लिस्बनकरीणताईंनी जो प्रश्न विचारला, घरी ती भाषाच नसेल तर, त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात थेट उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशाचं. पोर्तुगीज गेल्यावर १९७० च्या दशकात तिथल्या नव्या सरकारने फ्रेरेंनाच बोलावलं. तेच फ्रेरे, तीच पद्धत, लोक उत्साहात. पण शिकवायचं पोर्तुगीजमधून ठरलं, आणि गावात बोलायचे क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि तिथल्या भाषांच्या मिसळीतून झालेली बोली, किंवा आपापल्या भाषा, पोर्तुगीज बोलणारे मूठभर. ती मोहीम फसली. फ्रेरेंनीही पुढे भाषेचा अडसर मान्य केला. तिजोलु शब्दावर गप्पा मारायच्या तर आधी वीटेला तिजोलु म्हणणारी माणसं पाहिजेत ना.

आजोबांना कधी पोर्तुगीज वर्तमानपत्र वाचताना मी पाहिलं नाही. १९६१ नंतर तर कारणच उरलं नाही. ज्ञानेश्वरी मात्र रोज, पंतोजींनी शिकवलेल्या अक्षरांवर.

ताई, तुमच्या लेकीचं तसं नाही. तिच्या दोन्ही भाषा जिवंत आहेत, तिला एका घरात आई आहे आणि दुसऱ्या अंगणात मैत्रिणी. तुम्ही काळजी करू नका.

---

लिस्बनकरीण

काका, तुमचं शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं.

आज सुपरमार्केटमध्ये गेलो होतो. फळांच्या इथे लेक थबकली, द्राक्षाच्या खोक्यावर पाटी होती, 'उव्हा ब्रांका', पांढरी द्राक्षं. तिने बोट ठेवलं, उ, व्व्व्, आ. उव्हा. मग पुढच्या शब्दाकडे बघितलं, बी वर बोट गेलं आणि तिथेच थांबलं. मला वाटलं आता विचारेल. पण तिने शांतपणे सांगितलं, "हे अजून आम्हाला आलेलं नाही", आणि खोकं उचलून ट्रॉलीत ठेवलं.

घरी येताना मला म्हणाली, मराठीत लिही ना. मी पावतीच्या मागे 'द्राक्ष' लिहिलं. निफाडच्या बाई, दोन जोडाक्षरं, तिला अजून काना नीट येत नाही. तिने ती पावती घेतली आणि फ्रिजवर लावलीय. रात्री झोपताना विचारत होती, यातला द कुठे गेला.